चिठ्ठीची डावी बाजू

वाटेच्या सुरुवातीला पाटी आहे: मठ, दोन तास, चढ मध्यम. पाटी वनखात्याची आणि ‘मध्यम’ हा शब्द माझा. लिहिला तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो.

“मध्यम म्हणे,” स्तोइलाताई पाटीसमोर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “ज्याने लिहिलं त्याला एकदा वर न्यायला पाहिजे.”

“नेताय ना,” मी म्हणालो.

स्तोइलाताई माझ्या बायकोची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा देवाचा, एक डॉक्टरांचा. दाफिनाला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन चाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्या दिवसापर्यंत आत्मा घराभोवती घुटमळतो, मग त्याला निरोप द्यायचा, अशी आमच्या ऱ्होडोपीच्या डोंगरातली रीत. उकडलेले गोड गहू घेऊन देवळात जायचं, मृतांत नाव लिहून द्यायचं, पाद्री ते वाचतो, गहू लोकांना वाटायचे.

नाव नवऱ्यानेच लिहायला हवं, असं काही कुठे सांगितलेलं नाही. तो स्तोइलाताईंचा हुकूम. चाळीस दिवसांत मी रडलो नव्हतो, त्यावर हा उपाय.

“हाताने लिहिलंस की फुटेल,” गळवाबद्दल बोलावं तसं त्या म्हणाल्या होत्या.

फुटावं असं मलाही वाटत होतं. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ कसा होतो, आहे पण आपला नाही, तसा मी सगळाच झालो होतो. फ्लॅटच्या दारावर दाफिना गेल्याचं कळवणारा, तिच्या फोटोचा, काळ्या चौकटीचा कागद चिकटवलेला होता. रोज बाहेर पडताना मी तो नीट चिकटलाय ना, एवढं बघायचो.

मठापर्यंत बस जाते. पण दाफिना दरवर्षी चालत जायची, म्हणून आम्हीही चालत. गहू मी उकडले होते. वर अक्रोड, बिस्किटांचा चुरा, पिठीसाखर. सगळं दह्याच्या रिकाम्या डब्यात. डब्यावर हसणारी गाय होती.

“दुसरा डबा नव्हता?” ताईंनी विचारलं.

“होता. त्याचं झाकण सापडेना.”

“झाकणं दाफिना कुठे ठेवायची ठाऊक नाही तुला? त्रेचाळीस वर्षं काय करत होतास?”

“डबे उघडे टाकत होतो.”

पाइनचं जंगल सुरू झालं. या झाडांवर नंबर टाकण्यातच माझी सगळी नोकरी सरली. लोक इथे येऊन मोठे श्वास घेतात. मीही घेतला. हवा आत गेली, बाहेर आली. एका बुंध्यावरचा डिंक हाताला लागला. वास घेऊन पाहिला, तो दुसऱ्या कुणाच्या तरी नाकात गेला असावा.

अर्ध्या वाटेवर ताईंनी पिशवीतून राकियाची बाटली काढली. आधी थोडी जमिनीवर ओतली, दाफिनासाठी.

“पुरे,” मी म्हणालो. “तिला चढायची लगेच.”

ताई हसल्या, मग डोळे पुसले. त्यांचं दोन्ही पटापट होतं.

मठात पोचायला आम्हाला तीन तास दहा मिनिटं लागली. दाराशी मेणबत्त्या विकणाऱ्या बाईने चिठ्ठी दिली. चिठ्ठीला दोन बाजू: डावीकडे ‘आरोग्यासाठी’, तिथे जिवंत माणसं, उजवीकडे ‘शांतीसाठी’, तिथे गेलेली. दरवर्षी चिठ्ठी दाफिनाच लिहायची आणि मी बाहेर बाकावर बसायचो. आता मी लिहिलं. एक नाव इकडे, एक तिकडे. लिहून झालं, काही फुटलं नाही, चिठ्ठी दिली.

पाद्री खर्जात वाचू लागला. आधी आरोग्याची नावं. बऱ्याच नावांमध्ये दाफिना. मला वाटलं, असेल दुसरी कुणी. मग शांतीची नावं. मेतोदी, कालिना, व्हेलिचको.

व्हेलिचको मी.

ताईंनी माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. “गाढवा, काय लिहिलंस?”

“उलटं झालं वाटतं.”

“वाटतं? दुखलं का?”

“नाही.”

“मग बरोबरच वाचलं त्यांनी,” त्या म्हणाल्या आणि रुसून खांबाकडे वळल्या.

नंतर अंगणात मी गहू वाटायला उभा राहिलो. लोक हात पुढे करत, मी चमचा चमचा देत होतो.

“देव क्षमा करो. कुणाचे?” एका काठीवाल्या आजोबांनी विचारलं.

“व्हेलिचकोचे,” मी म्हणालो. आत एवढ्या मोठ्याने वाचल्यावर माघार घेणं बरं दिसलं नसतं.

“कसा होता?”

“मध्यम.”

आजोबांच्या मागे एक ठेंगणी बाई होती; मी चिठ्ठी लिहिताना ती शेजारीच उभी होती. गहू तोंडात टाकून ती म्हणाली, “आरोग्यासाठी वाचली ती दाफिना, त्याची बायको का?”

“हो.”

“एकटी पडली असेल बिचारी. जेवते का नीट? तिला म्हणावं, रात्री दोन पानं घेऊ नकोस. मी वर्षभर घेत होते.”

सांगतो, म्हणायला मी तोंड उघडलं. चमचा डब्याच्या काठावर वाजत राहिला, गाय हसत राहिली. ताई देवळातून बाहेर आल्या आणि माझ्या हातातून डबा काढून घेतला.

“काय झालं?”

“दुखतंय.”

“कुठे?”

मी दंड दाखवला. त्यांनी तो चोळला नाही. मला हाताला धरून पुन्हा मेणबत्त्यांच्या टेबलाशी नेलं आणि नवी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मी उजवीकडे लिहिलं. अक्षर असं आलं की त्या बाईने चिठ्ठी दोनदा फिरवून पाहिली.

“हे कोणाचं नाव? मला लागत नाही.”

ताई गप्प राहिल्या. त्या एरवी कधी राहत नाहीत. मग ते मलाच, सगळ्यांसमोर, तोंडाने सांगावं लागलं.