पंचामृतातला टॅब

जयवंतीची लेक कीर्ती घरी इतकी बोलायची, इतकी बोलायची, की तिचा बाप रत्नाकर कामावरून आला की आधी कानात बोटं घालायचा आणि मग चपला काढायचा. आणि हीच पोर शाळेत? तोंडातून ब्र काढायची नाही. जूनमध्ये ती साताऱ्याहून चेन्नईला आली, रत्नाकरची रेल्वेच्या कारखान्यात बदली झाली म्हणून. अण्णा नगरच्या त्या छोट्या प्राथमिक शाळेत तिला दुसरीत घातलं, आणि त्या दिवसापासून तिच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. तमिळ तिला कळायला लागलं होतं, वाचायलाही येत होतं थोडंथोडं. पण कुणी तिच्याकडे बघितलं की संपलं. मान खाली, आणि फ्रॉकचं टोक तोंडात.

शेवटी मुख्याध्यापिका रंजनी मॅडमनी जयवंतीला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या हो, पण नियमाच्या पक्क्या. "विजयादशमीपर्यंत वाट बघते," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तोवर तिच्या तोंडून एक गोष्ट मला ऐकू आली पाहिजे. नाहीतर पहिलीत बसवू. तिच्याच भल्यासाठी."

भल्यासाठी! जयवंती घरी येऊन पोळ्या लाटता लाटता रडली. स्वतः शिक्षकाची मुलगी ती. आपली हुशार लेक एक यत्ता खाली बसणार, हे तिच्या घशाखाली उतरेना.

या सगळ्यात एकच माणूस होतं ज्याच्याकडे जाऊन बसावंसं वाटायचं. शाळेच्या ग्रंथालयातल्या कनकाबाई. घराणं तंजावरचं, मराठी तीनशे वर्षांपूर्वीचं आणि सूर तमिळ. जयवंतीला निम्मं कळायचं, निम्मं ती गोडव्यावर निभावून न्यायची. पण काय बाई होती! दुसऱ्या शाळांमध्ये देणगीचे टॅब आले की कपाटात कुलूपबंद होतात, फुटले तर कोण निस्तरणार म्हणून. कनकाबाईंनी ते सरळ पुस्तकांच्या शेजारी, पोरांच्या हाताला येतील असे मांडले. आणि पद्धत अशी घातली, की मुलानं आधी पुस्तक वाचायचं, मग टॅब घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगून ठेवायची. पुढच्या मुलानं ते पुस्तक उचललं की हेडफोन लावून आधीच्या मुलाचा आवाज ऐकायचा. चौथीतला दांडगट पोरगा पहिलीतल्या चिमुरडीची गोष्ट कान देऊन ऐकतोय, हे जयवंतीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहून तिला हेवाच वाटला, आपल्या लहानपणी असं काही नव्हतं म्हणून.

कीर्तीलाही कनकाबाईंनी एक टॅब दिला, पिवळी चिकटपट्टी लावलेला, आणि पुस्तकांच्या कपाटामागे बसवलं. "विचारूं नका तिला कांहीं," त्यांनी जयवंतीला बजावलं. "टॅबास डोळे नाहींत. तो लेकरास टक लावून बघत नाहीं. आपणच बघतों, तेणें तिचा कंठ बसतो."

बरेच दिवस कपाटामागून काही म्हणता काही ऐकू आलं नाही. मग कुजबुज आली. आणि दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात कनकाबाईंनी जयवंतीचा हात धरून तिला आत नेलं आणि तिच्या कानाला हेडफोन लावले. एक हत्ती ग्रंथालयात पुस्तक मागायला येतो आणि दारात अडकतो, ती गोष्ट. तमिळमध्ये! कीर्तीच्या आवाजात! मध्येच अडली की पोरगी "थांबा हं" असं मराठीत म्हणायची आणि पुन्हा तमिळमध्ये सुरू. जयवंतीनं तिथेच कनकाबाईंना मिठी मारली. हे ध्वनिमुद्रण चालेल, असं रंजनी मॅडमनीही कबूल केलं. विजयादशमीला त्या नव्या मुलांच्या प्रवेशासाठी येणारच होत्या, तेव्हा ऐकतील. आता काळजी मिटली, असं कुणालाही वाटलं असतं.

पण जयवंती म्हणजे जयवंती. स्वस्थ बसेल तर शपथ.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिकडे सरस्वतीपूजा. पुस्तकं, पाट्या आणि आता टॅबसुद्धा देवीपुढे मांडायचे, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना कुणी बोट लावायचं नाही. वाचायचं नाही, उचलायचं नाही, पुसायचं तर नाहीच. जयवंती हौसेनं मदतीला गेली. कनकाबाईंनी सांगितलं होतं, टॅबच्या पाठीवर टिकलीएवढं गंध, बस्स. जयवंतीनं बाकीच्यांना तसंच लावलं. पण पिवळ्या पट्टीच्या टॅबपाशी आल्यावर तिचं मन राहीना. या एका डब्यात तिच्या लेकीची दुसरी यत्ता होती. टिकलीएवढ्या गंधावर तिला भागवायचं? कनकाबाई समया लावत होत्या, तेवढ्यात जयवंतीबाईसाहेबांनी घरून वाटीत आणलेलं पंचामृत काढलं. दूध, दही, तूप, मध, साखर. फुलानं चांगलं सढळ हातानं शिंपडलं. वर हळद, वर कुंकू, वर अक्षता. डोळे मिटून म्हणाली, "आई, सांभाळ." आरती झाली. आणि मग रीतीप्रमाणे तो टॅब रात्रभर तसाच मधात मुरत पडला. कारण हात कोण लावणार?

विजयादशमीला सकाळी ग्रंथालयात नुसता किलबिलाट होता. नवीन दाखल होणारी तीन-चार वर्षांची पोरं आईबापांच्या मांडीवर बसून परातीतल्या तांदळात पहिलं अक्षर गिरवत होती. ते झालं की त्यांना सतरंजीवर बसवून कीर्तीचीच गोष्ट ऐकवायची, असं ठरलं होतं. रंजनी मॅडम खुर्चीवर बसल्या. कनकाबाईंनी टॅब उचलला. तो हाताला चिकटला.

त्यांनी पदरानं पुसला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडदा काळा तो काळाच. खालच्या भोकांतून दह्याचा एक थेंब ओघळला आणि भोकांभोवती मुंग्या.

"मीच," जयवंती म्हणाली. "पंचामृत... मीच घातलं. अहो, माझ्या हातानं मी..." गोष्ट त्या एकाच टॅबमध्ये होती. गंमत बघा, आईनंच लेकीचा आवाज मधात बुडवला होता. कीर्ती तिच्या मागे उभी, फ्रॉकचं टोक तोंडात.

रंजनी मॅडमना खरंच वाईट वाटलं. पण त्या म्हणाल्या, "मी ऐकल्याशिवाय कसं ठरवू?"

दुसरी कुणी असती तर जयवंतीला आधी चार शब्द सुनावले असते, आणि ते तिनं ऐकून घेतले असते. कनकाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मेलेला टॅब त्यांनी कीर्तीच्या हातात दिला आणि तिला कपाटामागे बसवलं. मग टाळी वाजवून सगळ्यांना तमिळमध्ये सांगितलं, "आज आपण सगळे टॅब व्हायचं. टॅबला डोळे नसतात. फिरा बघू भिंतीकडे!"

पोरांना काय, खेळच! सगळी गर्रकन फिरली. त्यांचे आईबाप फिरले. रंजनी मॅडम क्षणभर बघत राहिल्या. कनकाबाई कंबरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभ्या. अखेर मॅडम उठल्या, खुर्ची फिरवली आणि भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून बसल्या. मुख्याध्यापिकेला भिंतीकडे तोंड करून बसवणारी बाई जयवंतीनं जन्मात पाहिली नव्हती.

एक पोर खोकलं. जयवंतीनं नखं तळहातात रुतवली.

मग कपाटामागून, अगदी हळू, हत्ती निघाला.

रस्त्यानं आला. दारात अडकला. आत पोट, बाहेर शेपूट. सतरंजीवर कुणीतरी खुदकन हसलं, तसा आवाज थोडा वर चढला. "थांबा हं," मराठीत. पुन्हा तमिळ. तेवढ्यात एक चिमुरडी, आत्ताच तांदळात अ काढलेली, भिंतीकडे तोंड करूनच ओरडली, "केवढा होता हत्ती?"

आवाज थांबला. गेलं सगळं, जयवंतीला वाटलं. तिनं डोळे गच्च मिटले.

कपाटामागे हालचाल झाली. पावलं वाजली. केवढा ते नुसतं बोलून कसं सांगणार? ते दाखवायलाच हवं होतं. कीर्ती बाहेर आली, दोन्ही हात पसरून, टाचा उंचावून, आणि जोरात म्हणाली, "एवढा! याच्याहून मोठा!" सगळी पोरं वळली, तिच्याभोवती गोळा झाली. सगळे डोळे तिच्यावर, आणि तिचं लक्षच नाही. हत्तीला दारातून ढकलायला तिनं पोरांनाच कामाला लावलं.

गोष्ट संपली तेव्हा त्या चिमुरडीनं तिचा हात धरून विचारलं, "अक्का, तुझं नाव काय? कितवीत आहेस?"

"कीर्ती," ती धापा टाकत म्हणाली. "दुसरीत."

"बरोबर," रंजनी मॅडम म्हणाल्या. त्या अजून भिंतीकडेच तोंड करून बसल्या होत्या.