जपून सर

“ते निर्भीड संशोधक होते,” असं संचालक माईकवर म्हणाले आणि शोकसभेत मला हसू आवरेना. शेजारी सरांच्या पत्नी बसल्या होत्या. आम्ही सगळे विद्यार्थी त्यांना काकू म्हणतो. त्यांनी माझा हात दाबला आणि कुजबुजल्या, “हे कसले निर्भीड! झुरळ दिसलं की पलंगावर चढून मला हाका मारायचे.” आणि मग त्यांचेच डोळे भरून आले.

खरं सांगायचं तर सरांइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. पाठीमागे आम्ही त्यांना ‘जपून सर’ म्हणायचो, कारण दर दोन वाक्यांमागे त्यांचं ‘जपून’ ठरलेलं. आमचं काम भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवण्याचं. रुग्णाच्या अंगावरचा एखादा न भाजलेला कोपरा शोधून सर्जन तिथला नखाएवढा तुकडा आमच्याकडे पाठवत. आम्ही त्यातल्या पेशी सुट्या करून बाटल्यांमध्ये वाढवायचो, गुलाबी मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक पाणी, पाजून. काही आठवड्यांनी तळाशी साय धरावी तसा कातडीचा पापुद्रा धरे आणि सर्जन तो जखमेवर लावत. गोम अशी, की जंतूंनाही ते मीडियम तितकंच आवडतं. जंतू शिरलेला पापुद्रा उघड्या जखमेवर गेला, तर वाचवायला निघालेल्या माणसाला आपणच मारलं असं होतं.

म्हणून सर शिंकेला भ्यायचे, दाराच्या फटीला भ्यायचे, नव्या विद्यार्थिनीच्या मोकळ्या केसांना तर फारच. इतर ठिकाणी मीडियममध्ये अँटिबायोटिक घालून मोकळे होतात. सरांनी ते कधी घालू दिलं नाही. “त्यानं सगळे जंतू मरत नाहीत, काही दबा धरून बसतात,” ते सांगायचे. “बिघडलं असेल तर मला दिसू दे. दिसत नाही त्याचीच मला जास्त भीती वाटते.” मी त्यांच्या हाताखाली पेशी वाढवायला शिकले आणि घाबरायलाही शिकले.

एकदा भट्टीवर भाजलेल्या एका तरुणाचे पापुद्रे तयार झाले होते. सर्जननं दुपारी लावायचे ठरवले होते. सकाळी सर सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. मला म्हणाले, “इकडे ये. हळू.”

मी पाहिलं. “पेशी छान आहेत, सर.”

“पेशींच्या मधे बघ.”

मधे बारीक काळे ठिपके होते आणि जागच्या जागी थरथरत होते.

“जंतू?” मी विचारलं.

“तू सांग.”

“नाही सांगता येत, सर. साकासुद्धा असू शकतो.”

मीडियममध्ये रक्तातून काढलेलं सीरम घालतात, त्याचा कधीकधी साका बसतो आणि त्याचे कणही असेच थरथरतात. बाटली ठेवून दिली की खरं काय ते कळतं, कारण जंतू असतील तर मीडियम गढूळ होतं. पण त्याला काही दिवस जावे लागतात. आमच्याकडे दुपारपर्यंतचा वेळ होता.

सरांनी सर्जनला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू ठेवला.

“अहो, जंतू आहेत की नाहीत, एक काय ते सांगा ना,” सर्जन म्हणाला.

“माहीत नाही.”

“मग द्या पाठवून! त्याच्याकडे वेळ नाहीये.”

“नाही देता येणार. सगळ्या बाटल्यांना एकच मीडियम घातलंय.”

“तुम्ही घाबरताय, सर.”

“हो,” सर म्हणाले. “खूप.”

एकेका बाटलीत त्यांनी स्वतः ब्लीच ओतलं. गुलाबी रंग उडत गेला. मी पुढे झाले तर म्हणाले, “हे तू नको करूस.” गढूळ होते का ते पाहायला एकच बाटली त्यांनी इनक्युबेटरमध्ये मागे ठेवली. त्याच्याच गोठवून राखलेल्या पेशींपासून लगेच दुसरी खेप सुरू केली. तिचा पापुद्रा धरायच्या आत तो तरुण गेला.

मागे ठेवलेली बाटली गढूळ होईना. सर येता-जाता ती उजेडाला धरून बघायचे. ज्या गढूळपणाला हा माणूस जन्मभर भ्यायला, त्याचीच आता डोळ्यांत तेल घालून वाट पाहत होता. मीसुद्धा मनातल्या मनात जंतूंना बोलावत होते, या रे, एकदाचे या. शेवटी तपासणीला पाठवलेल्या नमुन्याचा निकाल आला. जंतू नव्हते. साकाच होता.

तेव्हाच्या संचालकांनी सरांना समजावलं. “तुम्ही खबरदारी घेतलीत, विषय संपला. कुणी विचारलंय का तुम्हाला?”

कुणीच विचारलं नव्हतं. तरी सरांनी त्या तरुणाच्या आईला निरोप धाडला. त्या आल्या तेव्हा सरांनी मला खोलीत थांबायला सांगितलं.

“तुमच्या मुलासाठी केलेली कातडी मी फेकून दिली,” ते म्हणाले. “तिच्यात जंतू आहेत असं मला वाटलं. नव्हते. चांगली होती ती.”

“लावली असती तर वाचला असता?”

“वाचलाही असता. नक्की नाही सांगता येत.”

“तुमचा स्वतःचा मुलगा असता तर?”

“तरी फेकली असती,” सर म्हणाले. “मी भित्रा माणूस आहे, ताई.”

आता या किंचाळतील, काहीतरी फेकून मारतील, असं मला वाटलं. मी दाराकडे सरकले होते. पण त्यांनी एवढंच विचारलं,

“सगळी फेकलीत?”

“एक बाटली आहे.”

“त्यातलं जिवंत आहे अजून?”

“आहे.”

“मला बघू द्या.”

पेशी वाढवायच्या खोलीत गाऊन-टोपीशिवाय सरांनी कधी संचालकांनाही येऊ दिलं नव्हतं. बाईंना घेऊन ते तसेच आत गेले आणि त्यांनी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाखवली. बाईंनी डोळा लावला, पण त्यांना काही उमगलं नसावं. “फरशी बसवल्यासारखं दिसतंय,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी बाटलीच उचलून हातात घेतली. सरांचा हात सवयीनं पुढे आला आणि अर्ध्यातच थांबला.

“गरम आहे हो,” बाई म्हणाल्या.

“अंगाइतकं ठेवतो आम्ही.”

बाईंनी बाटली दोन्ही तळव्यांत धरली. इनक्युबेटरचं दार उघडं राहिलं होतं, त्याचा बझर वाजायला लागला. सरांनी तो बंद केला आणि त्यांना बसायला स्टूल आणून ठेवलं.