मापाचा ब्लाउज

"बाह्या मनगटापर्यंत ठेवा काका," सायली म्हणाली आणि तिनं आईचा जुना ब्लाउज मापासाठी माझ्यापुढं टाकला.

मे महिना. गौलीगुडा मोहल्ल्यातली माझी शिलाईची खोली दुपारी भट्टीसारखी तापते. सायली वरच्या मजल्यावरची, कॉलेजात इंटरला शिकणारी. मावशीच्या लग्नात पहिल्यांदा साडी नेसणार होती.

"या उकाड्यात लांब बाह्या? आणि हा तर तुझ्या आईचा. तुला ढगळा होईल."

"हौ, होऊ द्या. हेच माप घ्या."

तिच्या आईच्या, त्रिवेणीच्या बाह्या आम्हीच लांब करत आलो होतो. आधी कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत. का, ते माझ्या बायकोला, सुनंदाला ठाऊक होतं. बायकांची मापं तीच पडद्यामागं घ्यायची. सायलीच्या बाबानं, शिवराजनं, बायकोच्या दंडावर उठवलेले वळ तिनं पाहिले होते. सुनंदा दिवाळीनंतर वारली. आता बायका जुना ब्लाउज देऊन जातात. अंगावर काय आहे, ते कुणी पाहत नाही.

मी कात्री खाली ठेवली. "सायली, बाबा तुलाही मारतो?"

"नाही ना काका. मला हात नाही लावत."

"मग कायकू पाहिजेत एवढ्या लांब?"

ती रिळाचा दोरा उलगडत राहिली. "आत्ता नाही लागत. पण माझ्या लग्नानंतर लागतीलच ना. एकदाच शिवून ठेवायचा."

सुनंदा काहीतरी बोलली असती. मी टेप सायलीच्या हातात दिली. "आईचं माप नको. पडद्यामागं जा, स्वतःचं घे. आकडे मोठ्यानं सांग."

"मेरेकू जमता क्या, मास्तर?" ती हसली, पण गेली. आतून एकेक आकडा येऊ लागला. मधेच म्हणाली, "अय्यो, आईचा खरंच केवढा मोठा आहे!"

"आता बाही. तुला कुठपर्यंत आवडते?"

"मला?"

"तुलाच विचारतोय."

"माहीत नाही, काका. कधी विचार नाही केला."

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. शिवराज. "काय मास्तर, तब्येत बरी ना? जेवत जा वेळेवर." माझ्याशी तो नेहमी असाच बोलतो.

"बरी आहे," मी म्हटलं. तो जिना चढून गेला. वर दार लागलं.

पडद्यामागून अगदी हळू आवाज आला, "मनगटापर्यंतच लिहा."

"आज नको सांगूस. विचार कर, मग सांग."

मी बाहीची जागा कोरी सोडली. उठून पंखा बंद केला. वरून त्रिवेणीचा आवाज येतोय का, ते आम्ही दोघंही ऐकत राहिलो; ती पडद्याच्या आत, मी बाहेर.