डॉक्टरांनी घासलेली पेनी

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला वाईट वाटायला नको: मला माणसांच्या हातांची किळस येते. ते घामट असतात, तेलकट असतात, आणि कुठे कुठे जाऊन आलेले असतात ते त्यांचं त्यांनाच माहीत. मी एक जुनी ब्रिटिश पेनी आहे. आयुष्यात मी जेवढे हात पाहिले तेवढे साबणानेसुद्धा पाहिले नसतील, तेव्हा माझ्या बोलण्याला थोडा तरी मान द्या.

माझा जन्म टाकसाळीत झाला. आधी मी नुसती एक चकती होते, तोंड नाही की पाठ नाही. मग वरून एक पोलादी ठसा आला, खालून एक आला, आणि मध्ये मी. धाडकन आवाज झाला आणि मी ‘कुणीतरी’ झाले. एका बाजूला तरुण राणी, केसांचा मागे अंबाडा बांधलेली. दुसऱ्या बाजूला समुद्राकाठी त्रिशूळ घेऊन बसलेली बाई, तिच्या एका अंगाला दीपगृह, दुसऱ्या अंगाला जहाज. माझ्या घरातले लोक मला ‘अंबाडावाली’ म्हणतात. त्या दिवशी मी अशी लखलखत होते की शेजारच्या बहिणी माझ्यात तोंड पाहत होत्या. फार छान दिवस होता. दुसऱ्या दिवशी मला बाजारात पाठवलं.

शी. काय काय सांगू? मासे विकणाऱ्या बाईच्या ओल्या ॲप्रनच्या खिशात मी खवल्यांबरोबर झोपले. एका खाटकाने मला दाताने चावून पाहिलं; तांब्याला चावून काय कळतं ते त्यालाच ठाऊक, पण त्याने आदल्या रात्री काय खाल्लं होतं ते मला कळलं. एका बाळाने मला अख्खी दुपार तोंडात धरलं. त्याच्या आईने मला ओढून काढलं आणि स्वतःची बोटं पुसली. माझी नाही. मी तशीच, लाळेने चिकट, ब्रेडवाल्याच्या गल्ल्यात.

मग नशीब उघडलं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या बटणांच्या डब्यात मी पडले आणि सगळे मला विसरले. विसरलं जाणं फार दुःखाचं असतं असं धड्यांमध्ये लिहिलेलं असतं. अजिबात नाही. अंधार, कोरडी हवा, सभ्य बटणं, आणि एकही बोट नाही. तिथेच मला साय धरली. दुधावर धरते ना, हलकेच, कुणी ढवळलं नाही तर? तशी, फक्त फार फार सावकाश. माझा झगमगाट गेला आणि अंगावर गडद तपकिरी, मऊ चकाकीचा एक थर आला. ती घाण नसते, मित्रांनो. ती आमची कातडी असते. एकदा काढली की खालचं मांस उघडं पडतं.

पुढे तो डबा कुणाच्या तरी सामानातून बोटीने हिंदुस्थानात आला, इथल्या भंगारात गेला, आणि भंगारवाल्याच्या तराजूतून मला एका माणसाने उचललं. त्याने मला दोन बोटांत कडेने धरलं. राणीच्या गालाला अंगठा लावला नाही, फुंकर मारून थुंकी उडवली नाही. घरी नेऊन त्याने आपल्या मुलीला आणि मुलाला जवळ बसवलं आणि मला कसं धरायचं ते आधी शिकवलं. माझ्याकडे बघायचं कसं ते नंतर. मुलगी मोठी, ती आक्का. मुलगा धाकटा, तो भाऊ. हे त्या दोघांचे बाबा.

बाबांनी जाताना वाटण्या केल्या तेव्हा मी एकटीच उरले. म्हणून त्यांनी सांगून ठेवलं की अंबाडावालीवरून भांडायचं नाही, एक वर्ष तिने आक्काकडे राहावं, एक वर्ष भाऊकडे. दोघांनी ते पाळलं. एरवी भावंडांचं फारसं जमत नसे. आक्का एका शाळेत मुख्याध्यापिका झाली होती, तिच्यासमोर उभे राहिले की मोठमोठे शिक्षकसुद्धा उगाच खिसे चाचपत. भाऊ दातांचा डॉक्टर झाला होता, जगात सगळ्यांना कीड लागली आहे असं मानून चालणारा. वर्षभर एकमेकांना फोन नाही. पण बाबांच्या वाढदिवसाला आक्का यायची, चहा व्हायचा, माझी डबी इकडची तिकडे जायची, आणि तेवढ्या वेळात ती दोघं भांडायची नाहीत. मी नसते तर ती दोघं भेटलीच नसती.

हे घडलं त्या वर्षी मी भाऊकडे होते. दवाखान्याच्या आतल्या खोलीत, त्याच्या टेबलावर. आजूबाजूला कवळ्या. प्लास्टरच्या, गुलाबी हिरड्यांच्या, सगळ्या मला बघून हसणाऱ्या. किळस नुसती. त्यात भाऊने जुन्या बाजारातून आणखी एक अंबाडावाली आणली आणि माझ्या शेजारी ठेवली. मित्रांनो, ती तोतया होती. मला ठसा मारून घडवलंय. तिला वितळलेल्या धातूतून साच्यात ओतलं होतं. तिच्या राणीचा चेहरा वापरून वापरून विरघळलेल्या साबणासारखा, दीपगृहाला खिडकी नाही, अंगावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, आणि कडेला दोन अर्धुकांचा जोड, शिवण उसवल्यासारखा. रंग मात्र दृष्ट लागण्यासारखा, बाटलीतून लावलेला. भाऊला रंग आवडला. समोरच्या माणसाच्या तोंडातला खोटा दात हा गृहस्थ दारातून ओळखतो, पण हातातली खोटी पेनी ओळखेना.

आणि मग त्याची नजर माझ्यावर आली. आक्का यायला थोडेच दिवस उरले होते. त्याने भिंग लावलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याच्या चेहऱ्यावर तेच पाहिलं जे खुर्चीत बसलेल्या पेशंटांना दिसत असणार. त्याला साय दिसलीच नाही. त्याला कीटण दिसलं.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला नाइलाजाने सांगावं लागतं. आक्काला एकदा तरी आपलं कौतुक करावंसं वाटेल, असं त्याच्या मनात होतं. त्याने मला चिमट्यात धरलं, पुदिन्याच्या वासाची ती कचकच करणारी पेस्ट घेतली आणि गिरगिरणारा ब्रश माझ्या तोंडावर धरला. तोच ब्रश. लोकांच्या तोंडातला. त्याने राणीचा गाल घासला, अंबाडा घासला, दीपगृह घासलं, वर पाणी मारलं आणि स्वतःशीच ‘चूळ भरा’ म्हणाला. सवयीने. मी उकडलेल्या झिंग्यासारखी गुलाबी झाले. बटणांच्या डब्यात इतक्या वर्षांत धरलेली साय एका दुपारी बेसिनमधून वाहून गेली.

भाऊ खूश. त्याने बायकोला बोलावलं. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “छान आहे. कुणाचं?”

“अगं, बाबांचं.”

वहिनी जवळ आल्या. चिमट्याने मला उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, “वन्सं ओळखतील का हो हिला?”

बस्स. ते एक वाक्य ऐकून भाऊने ब्रश खाली ठेवला. मग सुरू झाले उपाय. कुठल्याशा व्हिडिओत त्याने पाहिलं होतं की उकडलेल्या अंड्याबरोबर बंद डब्यात ठेवलं की तांबं काळवंडतं. मला ठेवलं. अंडं कुस्करून. मित्रांनो, त्या डब्यातला वास मी तुम्हाला सांगणार नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. बाहेर आले ती गुलाबी अंगावर काळेनिळे चट्टे घेऊन, मार खाल्ल्यासारखी. मग बूटपॉलिश. ते अक्षरांच्या फटीत अडकून बसलं. मासेवाल्या बाईचा खिसा मला त्या दिवशी देवघरासारखा आठवला.

आक्का आली त्या दिवशी भाऊने जे केलं ते मात्र ब्रशपेक्षाही ओंगळ होतं. त्याने मला कवळ्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि माझ्या डबीत त्या तोतयीणबाईंना बसवलं. तीच राणी, तोच अंबाडा, रंग तपकिरी. कुणाला काय कळणार?

चहा त्या आतल्या खोलीतच झाला. आक्काने डबी उघडली, पेनी कडेने उचलली आणि तिची बोटं थांबली. तिने कप बाजूला सरकवला. पेनी उजेडात फिरवली, कडेवरून नख चालवलं, पर्समधून भिंग काढलं. ड्रॉवरच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

“हे ओतीव आहे,” ती म्हणाली. “कडेला जोड आहे. बाबांचं कुठाय?”

भाऊ म्हणाला की तेच आहे, नीट बघ, उजेड कमी आहे. आक्काने मान वर करून त्या खोलीकडे पाहिलं. मापं घ्यायचा गुलाबी लगदा, प्लास्टर, साचे, ओतकामाची भट्टी. एखाद्या वस्तूची हुबेहूब नक्कल करायला जे जे लागतं ते ते सगळं तिथे फळीवर रचून ठेवलेलं होतं. तिच्या मनात काय आलं ते भाऊलाही दिसलं, कारण त्याचा रंग माझ्यासारखाच चट्ट्याचट्ट्यांचा झाला.

“नक्कल करून मला दिलीस,” आक्का सावकाश म्हणाली. “आणि खरं विकलंस. पुन्हा या घरात मी यायची नाही.”

ती उठली. चप्पल घालू लागली. वहिनी नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “अहो, काढा ना ते.” आणि भाऊने ड्रॉवर उघडला, कवळ्या खडखडल्या, आणि त्याने मला तिच्यापुढे धरलं.

आक्काने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. हो, मित्रांनो. जन्मभर मी लोकांना शी म्हणत आले, आणि ज्या बाईने मला स्वतःच्या लहानपणापासून सांभाळलं तिला माझी शिसारी आली. ती म्हणाली, हे तर काल बनवल्यासारखं दिसतंय, अजून किती खोटी करून ठेवली आहेस? भाऊ नुसता हात पुढे धरून उभा राहिला.

शेवटी तिने मला घेतलंच. कडा पाहिली: जोड नाही. दीपगृह पाहिलं: घासून बोथटलेलं, पण खिडकी होती. मग तिने मला जरा तिरकं केलं आणि जहाजाच्या शिडापासून काठापर्यंत काहीतरी शोधू लागली. माझा ठसाच टाकसाळीत तडकला होता, त्या तड्याची केसाएवढी रेघ माझ्या अंगावर उठली आहे. बाबा ती या दोघांना दाखवायचे. पॉलिशखाली ती आक्काला सापडली. अर्धीच उरली होती, पण होती.

ती खाली बसली. भाऊने सगळं सांगितलं, ब्रश, पेस्ट, अंडं, सगळं, आणि शेवटी म्हणाला, “चोरी नाही केली गं, आक्का.”

“चोर असतास तर बरं झालं असतं,” ती म्हणाली. “चोराने निदान तिला जपलं असतं.”

तिने मला रुमालात गुंडाळलं, तोतयीणीला डबीत ठेवलं आणि दोघींना नेलं. वर्ष गेलं. रविवारी शाळेत नाणी जमवणारी मुलं येतात, त्यांना आक्का दोन नमुने दाखवायची: तोतयीण, म्हणजे खोटं; आणि मी, म्हणजे खरं असून वाया गेलेलं. मुलं तोतयीणीला हसायची. मला बघून ‘ईई’ म्हणायची. बरोबरच होतं त्यांचं.

बाबांचा वाढदिवस आला. भाऊने फोन केला नाही. कोणत्या तोंडाने करणार? आक्का स्वतः दवाखान्यात गेली आणि गाल सुजलेल्या पेशंटांच्या रांगेत बसून राहिली. तिचा नंबर आल्यावर तिने डबी टेबलावर ठेवली.

“तुझं वर्ष आहे.”

“माझ्याकडे नको, आक्का.”

“बाबांनी सांगितलंय. आणि आता बिघडवायला उरलंय काय?”

भाऊने हातमोजे काढले, हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले आणि मला कडेने उचललं. आक्का त्याच्या हाताकडे बघत होती, एखाद्या ढ मुलाची उजळणी तपासावी तशी. मग म्हणाली, चहा सांग.

मित्रांनो, माझी साय पुन्हा धरेल, पण ती बघायला या दोघांपैकी कुणी नसेल, एवढी ती सावकाश येते. तेव्हा कुणाच्याही घरची जुनी वस्तू हातात आली तर तिला आपल्या मनासारखी करायला जाऊ नका. कडेने धरा, बघा, परत ठेवा. आणि घासून बसलाच असाल, तर तिच्या जागी दुसरी सुबक वस्तू ठेवून वेळ मारून नेऊ नका. ड्रॉवर उघडा आणि चट्टे पडलेली तीच पुढे करा.