पत्रात नसलेलं वाक्य

आमच्या चर्चच्या महिला सभेत दर महिन्याला एक प्रश्न ठरलेला असायचा: या महिन्यात कोणाला साक्ष दिली? साक्ष म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल दुसऱ्याला सांगणं. कोणी दूधवाल्याला सांगितलेलं असायचं, कोणी शाळेच्या प्रिन्सिपॉलना. माझी पाळी आली की मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागायची. मी तशी गप्प बसणारी नव्हे. लखनऊच्या कपूरथला बाजारात सब्जीवाल्या भैयाशी रोज हुज्जत घालायची. पण येशूचं नाव काढायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. नगरच्या तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली मी, मला याची मनापासून लाज वाटायची.

एकोणऐंशी साली आम्ही लखनऊतल्या महानगर नावाच्या वस्तीत राहत होतो. वरच्या मजल्यावर माया राहायची, सरकारी ऑफिसात नोकरीला. तिच्या सासूबाई, गयाबाई, त्या हिवाळ्यात जालन्याहून आल्या होत्या. त्यांना हिंदी येत नव्हती आणि वाचताही येत नव्हतं. दुपारी गच्चीवर आम्ही दोघी उन्हात मटार सोलत बसायचो आणि त्यांच्या धाकट्या मुलाचं, नरहरचं, पत्र आलं की मी वाचून दाखवायची. संध्याकाळपर्यंत सुनेची वाट पाहायला त्यांना धीर नसायचा.

ती माणसं बौद्ध. छप्पन्न साली घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, हे गयाबाई मोठ्या अभिमानाने सांगत. नरहरचं पत्र ‘जयभीम’ने सुरू व्हायचं आणि ‘जयभीम’नेच संपायचं.

जानेवारीत एक अंतर्देशीय पत्र आलं. चौथी ओळ मी हळू वाचली. नरहरची दोन वर्षांची मुलगी तापाने गेली होती. गयाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पुढे लिहिलं होतं, ‘शेवटच्या दिवशी ती सारखी आजी आजी करत होती.’ हे कसं वाचायचं? मी ती ओळ गाळली, आणि कुठून धीर आला कोण जाणे, नरहरनेच लिहिल्यासारखं पत्राकडे बघत म्हणाले, “आई, रडू नकोस. आपलं बाळ देवाच्या कुशीत सुखात आहे.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःखाबरोबर थोडं समाधानही वाटलं. अखेर आपल्या तोंडून साक्ष निघाली, असं वाटलं. गयाबाईंनी पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि घडी करून कमरेला खोचलं.

दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात माया भेटली. तिने त्याच संध्याकाळी पत्र पुन्हा, एकही ओळ न गाळता, वाचून दाखवलं होतं. माया रागावली नाही, नुसती म्हणाली की सासूबाई आता पत्रं तिच्याकडूनच वाचून घेतील.

मी आठवडाभर प्रार्थनेला बसत होते आणि उठत होते. क्षमा मागायची ती देवाकडे मागून झाली होती, पण मन ठिकाणावर येईना. ज्या बाईचं नातीबद्दलचं शेवटचं सुख मी लपवलं, तिच्या दारात जायची माझी हिंमत होत नव्हती. शेवटी एका दुपारी वर गेले. गयाबाई खाटेवर बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं कबूल केलं, सभेतल्या प्रश्नासकट.

त्या म्हणाल्या, “माझं होतं ते तू ठेवून घेतलंस, आन् तुझं मला दिलंस. तेबी माझ्या लेकाच्या तोंडून.”

मी मान खाली घातली.

“बस,” त्या म्हणाल्या. “तुला जे सांगायचं होतं, ते आता तुझ्या तोंडानं सांग. पटायचं तर पटंल, न्हाई तर न्हाई.”

इतकी वर्षं ऐकलेल्या साक्षींतलं एकही वाक्य मला आठवेना. मी सांगितलं ते लखनऊत कोणालाच माहीत नव्हतं. माझा पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. तो येशूपाशी आहे असं मी मानते, म्हणून सकाळी उठून चूल पेटवू शकते. काही दिवस असे जातात की तेही मानता येत नाही. मग मी येशूलाच सांगते, की आज माझ्याच्याने होत नाही.

गयाबाईंनी मला जवळ ओढलं नाही, की देव आहे-नाही यावर काही बोलल्याही नाहीत. नुसतं विचारलं, “नाव काय ठेवलं होतं?”

तो गेल्यापासून सात वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. नगरच्या चर्चमध्येसुद्धा नाही.

“शमुवेल,” मी म्हणाले.

त्यांना ते एका दमात म्हणता येईना. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा नीट म्हटलं, आणि मग आपल्या नातीचं नाव मला सांगितलं.