नदीपलीकडे हलवलेली उमेदवार

तुम्ही माझ्या बायकोला फसवलंत. गोडगोड लिहायला मला येत नाही, आणि आलं असतं तरी तुमच्यावर वाया घालवलं नसतं. सिनेटर मेरिवेदर राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, त्यांच्यासाठी उपाध्यक्षपदाचा जोडीदार शोधायला तुमची समिती बसली. त्या समितीत सगळ्यात वर जो कोण आहे त्याला मी हे लिहितोय. नाव मला ठाऊक नाही. तुमचा प्रत्येक माणूस नुसता म्हणायचा, "वर विचारून सांगतो." तर वरचे साहेब, ऐका.

मी व्हर्न टॅकेट. ओहायोत, नदीकाठी, स्टाउट्स लँडिंग गावात माझं कटिंगचं दुकान आहे. शाळा अर्ध्यात सोडली. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दुकानात टाकून दिलेल्या वर्तमानपत्रांवर झालं. माझी बायको रोवीना या गावची नगराध्यक्ष होती. आता नाही. ती तुमची मेहेरबानी.

रोवीना देशाला माहीत झाली ती मालगाड्यांमुळे. लांबच लांब गाड्या आमच्या फाटकावर येऊन तासन् तास उभ्या राहायच्या. ॲम्ब्युलन्स अलीकडे, पेशंट पलीकडे. कंपनीला लिहून लिहून हात दुखले. मग एका सकाळी रोवीनाने अंगणातली घडीची खुर्ची उचलली, रुळांच्या मधोमध मांडली आणि थर्मास घेऊन बसली. "कंपनीचा मोठा साहेब इथं येऊन माझ्याबरोबर कॉफी पीत नाही तोवर मी उठत नाही." साहेब आला. तोवर कॉफी गार झाली होती. तिने तीच पाजली. पुढे गाड्या फाटक सोडून थांबायला लागल्या. कुणीतरी मोबाइलवर काढलेलं ते चित्रण सगळ्या देशाने पाहिलं. तुम्हीही पाहिलंत.

मग तुमचा वकील आला. प्रेस्टन ॲशकोम. आमच्या स्वयंपाकघरात बसला आणि रोवीनाची झडती सुरू झाली. नुसती तोंडी, पण झडतीच.

"दारू?"

"चर्चच्या सहलीला नाही."

"शत्रू?"

"रेल्वे."

"लग्नाबाहेरचे संबंध?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "लग्नाआधीचे आहेत. याच्याशीच."

ॲशकोम हसला नाही. त्याला हसायचं झालं तरी वर विचारावं लागत असेल.

"एक बारीकशी अडचण आहे," तो म्हणाला. "सिनेटर ओहायोचे आणि तुम्हीही ओहायोच्या. शेवटची मतं देतात ती राज्याराज्यांतून निवडलेली माणसं. आणि घटना सांगते, दोन्ही उमेदवार त्यांच्याच राज्यातले असतील तर त्यांना दोघांना मत देता येत नाही. म्हणजे ओहायोत जिंकूनसुद्धा ओहायोची मतं एकाच्या हातची गेली."

"मग सिनेटरना सांगा घर बदलायला," मी म्हटलं.

लहान पोराने काही बोलावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. रोवीना खिडकीतून नदीकडे बघत होती. "पलीकडचा काठ वेस्ट व्हर्जिनियात येतो," ती म्हणाली. "तिथं माझी बहीण राहते."

"उत्तम! मग तिकडच्या रहिवासी व्हा. नाव जाहीर व्हायच्या आत सगळं पक्कं हवं. नाहीतर विरोधक कोर्टात जातील."

"म्हणजे हिचं नाव ठरलंय?" मी विचारलं.

"शेवटच्या टप्प्यात आहे."

"ते नाही विचारलं मी."

"मिस्टर टॅकेट," तो म्हणाला, "आम्ही उगाच कुणाला राज्य बदलायला लावू का?"

हे वाक्य त्याचं आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही.

तो गेल्यावर रोवीना भांडी धुता धुता गुणगुणत होती. आमच्या लग्नानंतर ती गुणगुणल्याचं मला फारसं आठवत नाही. आवाज भयंकर आहे. म्हणाली, "व्हर्न, मी इथलं एक फाटक मोकळं केलं. अशी किती गावं रुळांपाशी अडकून पडलीत रे!" तिला ते पद हवं होतं. जेवताना मीठ मागावं तेवढ्या सरळपणे हवं होतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

बहिणीचं नाव गेल. तिचा आवाज वारा नसतानाही नदीच्या अलीकडे ऐकू येतो. आम्ही बॅगा घेऊन दारात उभे राहिलो तर म्हणाली, "या राणीसाहेब! मी जेवायला बोलावून बोलावून थकले, तेव्हा पूल ओलांडायला सवड नव्हती. आता देशाने सांगितलं तर कशी धावत आलीस!"

"तुझ्याकडचे पेपरोनी रोल खायला आले गं."

"खोटारडी. आणि हा व्हर्न कुठं झोपणार? माझा सोफा मोडलाय."

"मी परत जाणार," मी म्हटलं. "माझं कटिंगचं लायसन्स ओहायोचं आहे. पलीकडे कात्री उचलली तर दंड होईल."

"म्हणजे बायको माझी आणि घोरणं ओहायोचं! चालेल."

त्यानंतर मी रोज दुकान बंद करून पूल ओलांडायचो आणि बायकोला भेटायचो. या वयात नवरदेवासारखा. गेल दारातूनच ओरडायची, "रो, तुझा दोस्त आलाय गं! दार उघडं ठेवून बसा!"

आता मुद्द्यावर येतो. ॲशकोमचं म्हणणं होतं, तिकडचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा, मतदार यादीत नाव घाला, बहिणीकडे एक बॅग ठेवा, झालं. पण त्याला माझ्या बायकोची माहिती नव्हती. ती म्हणाली, "मतदार नोंदणीला मी शपथेवर सांगणार, की मी इथं राहते. इथं राहते म्हणजे तिथं राहत नाही. आणि गावात राहत नाही त्याला नगराध्यक्ष राहता येत नाही, हा आमच्या गावचा नियम आहे. एका तोंडाने दोन गावं कशी सांगू?"

तिने त्याला फोन केला. मी शेजारी होतो, स्पीकर चालू होता. "पद सोडावं लागेल मला," ती म्हणाली. तो म्हणाला, वर विचारून सांगतो. संध्याकाळी त्याचा फोन आला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा. नाहीतरी लवकरच तुम्हाला त्या पदाची गरज उरणार नाही."

तिने पलीकडे मतदार नोंदणीची शपथ घेतली आणि आमच्या नगरपरिषदेच्या बैठकीत उभं राहून पद सोडलं. कारण सांगता येत नव्हतं, पण गावाला कळायचं ते कळलं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अग्निशमन दलाच्या पोरांनी केक आणला. ड्वाइट प्रुएट परिषदेचा अध्यक्ष, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. नियमाप्रमाणे तो नगराध्यक्ष झाला. भला माणूस आहे, पण समोरचा जरा मोठ्याने बोलला की हा माफी मागतो. आता मालगाड्या पुन्हा फाटकावर थांबतात. ड्वाइट कंपनीला फोन करतो आणि कंपनी त्याला गाणं ऐकवत ठेवते.

मग जाहीर करायचा दिवस आला. माझ्या खुर्चीत म्हातारा क्लीटस होता, तोंडभर साबण. टीव्ही लावलेला. सिनेटर मंचावर आले, हात हलवला आणि मागून त्यांचा जोडीदार आला. ॲरिझोनाचा गव्हर्नर. उंच, तांबूस, दात मोजून घ्यावेत असे.

"व्हर्न," क्लीटस म्हणाला, "ती रोवीना नाही."

"दिसतंय मला."

"रोवीनाला मिशा नाहीत."

"गप बस. वस्तरा तुझ्या गळ्याशी आहे."

मी त्याची अर्धी दाढी तशीच ठेवून पलीकडे गेलो. रोवीना गेलच्या स्वयंपाकघरात बसली होती. निळा पोशाख, पायांत बूट, समोर फोन. मंचावर लगेच बोलावलं तर उशीर नको म्हणून ती सकाळपासून तयार होऊन बसली होती. गेलने टीव्हीची वायर भिंतीतून उपटून टाकली होती.

ॲशकोमचा फोन आला तो कार्यक्रम संपल्यावर. "तुम्ही अगदी शेवटपर्यंत शर्यतीत होतात," तो म्हणाला. मी फोन ओढून घेतला.

"हिचं पद गेलं त्याचं काय?"

"पद सोडा असं आम्ही कधीच सांगितलं नाही, मिस्टर टॅकेट."

कायद्याने बरोबर आहे. कायद्याने बरोबर असलेली इतकी घाण मी आयुष्यात ऐकली नव्हती.

रोवीना पुन्हा उभी राहू शकत नाही का, असं विचारू नका. आमच्या गावात उमेदवाराला आधी सलग वर्षभर राहावं लागतं. निवडणूक येत्या नोव्हेंबरात आहे. ती त्याच दिवशी परतली असती तरी हुकलीच असती.

त्याच आठवड्यात तुमच्या कचेरीतून एका मुलीचा फोन आला. आवाज मधात बुडवलेला. सिनेटर नदीकाठच्या गावांत सभा घेणार आहेत, रोवीनाबाईंनी मंचावर यावं, ओहायोची लेक म्हणून दोन शब्द बोलावेत. "आणि ती घडीची खुर्ची आणाल का? लोकांना फार आवडेल!"

"बाळ," रोवीना म्हणाली, "मी ओहायोची नाही, वेस्ट व्हर्जिनियाची. तुमच्याच वकिलाने केलीय. त्याला विचार."

"अं... थांबा हं, मी वर विचारून—"

"विचार की. मी इथंच आहे. तुम्हीच ठेवलंय मला इथं."

फोन ठेवल्यावर गेल टेबल बडवून हसली. मीही हसलो. रोवीनासुद्धा हसली, पण तिचं हसणं आमच्या आधी संपलं.

रविवारी मी तिला घरी आणलं. बॅगा मागच्या सीटवर, गेलने दिलेले रोल मांडीवर. गाडीत तिने एकदाच विचारलं, "व्हर्न, त्यांनी मला खरंच घेतलं असतं का रे? की रुळांवर बसलेली बाई त्यांना नुसती यादीत दाखवायला हवी होती?"

मी न्हावी आहे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मला मत आहे आणि ते मी फुकट देतो. पण या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे.

ती म्हणाली, सोडून दे, कुणाला लिहू नकोस. मी लिहितोय. पद परत मागत नाही, ते तुमच्या हातात नाही. माफी नको, ती तुम्ही भाड्याच्या माणसाकडून लिहून घ्याल. मला एवढंच सांगा. जाहीर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रस्त्यावर घराघरांपुढे सिनेटरच्या आणि त्या गव्हर्नरच्या नावांच्या पाट्या खोचलेल्या होत्या. इतक्या पाट्या एका रात्रीत छापून होत नाहीत, गावोगाव पोचत तर नाहीतच.

मग बोला, त्या पाट्या छापायला टाकल्यात ते माझ्या बायकोने शपथ घेतली त्याच्या आधी की नंतर?