आपली गुप्त भाषा

वादिराज आणि नागलक्ष्मी हे नवराबायको तंजावुरात घराच्या माडीवर 'नीट'चे, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे क्लास घेतात. ते फिजिक्स, त्या बायॉलॉजी. शिकवणं तमिळ-इंग्रजीत, पण पोरांसमोर पोरांबद्दलच बोलायचं असलं की दोघं खुशाल मराठीत शिरतात. पिढ्यान्पिढ्या तंजावुरात राहिलेल्या आपल्या मराठी लोकांची ही जुनीच खोड. बसमध्ये, साडीच्या दुकानात आपण मराठीत वाटेल ते बोलतो आणि समजतो, कुणाला कळत नाही.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मुलं दही-साखर खाऊन, पाया पडून निघत होती. अखिलाची ही तिसरी खेप. तिचे वडील सुब्रमण्यम तिरुवैयारूला गाणं शिकवतात आणि शिष्यांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगतात, आमच्या घरात आता डॉक्टर होणार. सराव परीक्षेचा निकाल लागल्यापासून ही मुलगी एकही शंका विचारेनाशी झाली होती. स्वतःची पुस्तकंही तिने धाकट्या बॅचमध्ये वाटून टाकली. नागलक्ष्मींना वाटलं, तयारी पक्की झाली. मला विचाराल, तर बडबडी पोर अशी गप्प झाली की मास्तरांनी धसका घ्यावा.

ती पाया पडायला वाकली. वादिराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हसतमुखाने बायकोला मराठीत म्हणाले, "ही यंदाही पडणार. बापानं तोंड कोठें लपवावं?"

"निकाल लागला तेव्हांही हेंच बोललां. पुरे आतां," नागलक्ष्मी म्हणाल्या. "हसत राहा, ती पाहते आहे."

अखिला उभी राहिली. हातातली दह्याची वाटी तिने जपून खाली ठेवली.

"सर, मला कळतं," ती मराठीत म्हणाली. शब्द सावकाश येत होते, पण चुकत नव्हते. "माझी आजी शेषम्मा तुमच्यांतलीच. तेव्हांचंही कळलं, आतांचंही. अप्पांस तोंड लपवूं देणार नाहीं मी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. दोघं काही बोलायच्या आत ती जिना उतरून गेली.

वादिराज अनवाणीच मागे धावले. नाक्यावरून तिरुवैयारूची बस नुकती सुटली होती. पोरगी तिच्यात चढली की नाही, फुलवालीला सांगता येईना, ऑटोवाल्यालाही नाही. ते घामाघूम होऊन परतले आणि खाली पायरीवरच बसले. त्यांना भीती वाटत होती, आणि ती बायकोला दिसू नये इतकंही भान राहिलं नव्हतं.

बस पोहोचायची वेळ झाली तशी नागलक्ष्मींनी सुब्रमण्यमना फोन लावला. अखिला घरी आली का, एवढंच विचारलं.

ते हसले. "असं काय विचारता, टीचर? सकाळीच सांगून निघाली ती, आज तुमच्याकडेच राहणार, तुम्हीच आग्रह केलात म्हणून. तुम्ही आहात, म्हणून मी निर्धास्त आहे. जरा तिला फोन द्या ना."